छत्तीसचा आकडा

दोघांचे पटत नसले, की 'त्यांचा छत्तीसचा आकडा आहे' असे आपण म्हणतो. फळ्यावर ३६ लिहून पाहा: ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून उभे. (६३ मध्ये मात्र समोरासमोर!)

रसायनशास्त्रात अशा पदार्थांना 'विसंगत' म्हणतात. या शब्दाने विद्यार्थ्याला तो एकाच पदार्थाचा दुर्गुण वाटतो. खरे तर विसंगती असते जोडीची. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीत मँगनीज डायऑक्साइडचे खनिज निघते. मँगनीज डायऑक्साइडपासून पोटॅशियम परमँगनेट बनवता येते. हे जांभळे स्फटिक ऑक्सिजन द्यायला उत्सुक, तर ग्लिसरीन तो घेऊन जळायला. आपापल्या बाटलीत दोन्ही गुणी. स्फटिकांच्या भुकटीवर ग्लिसरीन पडले, तर काही क्षण काहीच घडत नाही. मग धूर आणि एकदम जाळ. तो मधला निवांतपणाच फसवा, कारण नेमके तेव्हाच कोणीतरी वाकून बघते.

म्हणून प्रयोगशाळेचे कपाट अक्षरक्रमाने लावू नये. 'स'च्या कप्प्यात सल्फ्युरिक आम्ल आणि सोडियम सल्फाइड शेजारी येतात. बाटल्या फुटून दोन्ही मिसळली, तर हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो. आम्ले, ऑक्सिडक आणि जळणारे द्रव यांचे कप्पे वेगळे हवेत. घरीसुद्धा संडास धुण्याचे आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली, की क्लोरीन तयार होतो.

बाटलीवर नाव असतेच. त्याखाली विद्यार्थ्यांकडूनच आणखी एक ओळ लिहून घ्यावी: 'कोणाशी ३६?'