यादीतली माणसं

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी भाभी बाळंतपणासाठी धुळ्याच्या एका दवाखान्यात होती. मध्यरात्री डॉक्टरांनी सांगितलं, रक्ताच्या दोन पिशव्या लागतील, गट ओ निगेटिव्ह. शिंदखेड्याहून आम्ही तिघं आलो होतो, तिघांचाही गट जुळेना. बाहेर चहाच्या गाडीवर एक गृहस्थ उभे होते. आमचे चेहरे पाहून त्यांनी विचारलं, "काय व्हयनं भाऊ?" मग खिशातून वही काढली. गटागटाने पानं पाडलेली. शेजारच्या कॉइन बॉक्समध्ये स्वतःची नाणी टाकत त्यांनी पाच-सहा घरांची झोप मोडली. तासाभरात दोन मुलं आली. एकाच्या हाताला गॅरेजचं ग्रीस तसंच होतं. रक्त तपासून वर जायला पहाट झाली, तोवर मुलं घरी गेली होती. नावं विचारायची राहूनच गेली.

तेव्हा मनात त्या मुलांचं रक्तच भरून राहिलं होतं. पुढे मला ती वही जास्त मोलाची वाटू लागली.

पूर्वी पैसे घेऊन रक्त देणारी माणसं असत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालामुळे १ जानेवारी १९९८ पासून हा धंदा बंद झाला. रक्तपेढी तपासणीचा आणि साठवणीचा खर्च तेवढा घेते. मग रक्त यायचं ते नातेवाइकांकडून, नाहीतर अनोळखी स्वयंसेवकाकडून. धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात आमच्या तालुक्यातून, साक्री-शिरपुरातून, थेट नंदुरबारकडूनही माणसं येतात. त्यांचे नातेवाईक शहरात असतातच कुठे?

आपल्याकडे दात्यांची वाण आहे असं मुळीच नाही. २०२३ साली महाराष्ट्रात वीस लाखांहून जास्त पिशव्या रक्त गोळा झालं. तरी मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुटीत ओढाताण होतेच. याचं कारण कॅलेंडरात आहे. पुढाऱ्याचा वाढदिवस, जयंती, ईद-ए-मिलाद, अशा दिवशी शिबिरांना गर्दी उसळते. पण तांबड्या पेशी टिकतात ३५ ते ४२ दिवस, प्लेटलेट्स तर पाचच दिवस. शिवाय एकदा रक्त दिलं की पुरुषाला तीन महिने आणि स्त्रीला चार महिने थांबावं लागतं. एकाच दिवशी सगळ्या गल्लीने हात पुढे केला, तर पुढचे तीन महिने त्या गल्लीत दाताच उरत नाही. थॅलेसेमियाच्या मुलाला मात्र दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं.

म्हणून वहीवाल्या माणसाचं अर्धं काम "आज नको" म्हणण्याचं असतं. उत्साहाने आलेल्या पोराला परत पाठवायचं आणि ठरल्या तारखेला आठवणीने बोलवायचं, हे सोपं नाही. पोरगं रुसतं.

आणि त्या पोराच्या मागेही कुणी लागतं. रोज न कापता सोडणारा गॅरेजमालक लागतो, रात्री भाडं न घेणारा रिक्षावाला लागतो. "अंगातलं रक्त काढून घेतलं माझ्या पोराचं" म्हणून रडणाऱ्या आईला समजावणारी शेजारीण लागते. शिबिरात भेटवस्तू वाटतात ते मला रुचत नाही. त्या पैशात कितीतरी रात्रींच्या रिक्षांची सोय होईल. दात्याला हवं असतं ते वेगळंच. पेशंट घरी गेला, एवढा निरोप पोचवला तरी ते पोरगं पुढच्या वेळी स्वतःहून विचारतं, "चाचा, माझी तारीख कधी?"

रमजानमध्ये आमच्या मोहल्ल्यातले दाते रोजा सोडल्यावर जातात. उपाशीपोटी रक्त देऊ नये, चक्कर येते. त्या महिन्यात दिवसाच्या फोनसाठी मी दुसऱ्या आळीतली नावं आधी काढून ठेवतो. त्यांच्या उपासाच्या दिवशी उलट.

हो, आता वही माझ्याकडेही आहे. मधुमेहासाठी इन्सुलिन घ्यावं लागतं, त्यामुळे मला रक्त देता येत नाही. फोन करता येतो. पंचेचाळीस नावं आहेत. त्यातली नऊ पोरं कामासाठी सुरतला गेली, पण त्यांची नावं मी खोडलेली नाहीत. दिवाळीत कॉलेजं बंद असतात, इथल्या दात्यांची चणचण असते, आणि नेमकी तेव्हाच ही पोरं गावी येतात. गाडी नंदुरबार सोडते न सोडते तोच माझा फोन जातो.