संगणक जुळवताना पैसा कोठे घालावा?

आपल्या बेटावरील पुष्कळ घरांतील तरुण मुले आज नोकरीसाठी दुबईला जातात. कोणी हॉटेलात, कोणी विमान कंपनीत, तर कोणी हिशेबाच्या कचेरीत काम करतो. पहिली एक-दोन वर्षे घरी पैसे येतात, आणि मग मुलाला स्वतःसाठीही काही घ्यावेसे वाटते. पूर्वी ही हौस सोन्याच्या साखळीवर किंवा टेपरेकॉर्डरवर भागत असे. आता संगणक हवा असतो, आणि तोही दुकानातला तयार न घेता एकेक भाग निवडून जुळवलेला. त्यावर खेळ खेळायचे असतात व चित्रफिती संकलित करून चार पैसेही मिळवायचे असतात. खर्च मोठा, म्हणून घरच्या वडीलधाऱ्यांना विचारले जाते. तेव्हा वाचक बंधुभगिनींनो, हा विषय आपणही थोडा समजून घेतलेला बरा.

शाळेच्या सुट्टीत आम्ही दुबई मरीना येथे आमच्या भाच्याकडे काही दिवस राहिलो. वाळूच्या किनाऱ्यात सुमारे 3 किलोमीटर लांबीचा कालवा खोदून त्यात समुद्राचे पाणी आणले आहे आणि दोन्ही काठांवर उंच मनोरे उभे केले आहेत. त्यांपैकी एका मनोऱ्यातील खोली भाच्याने दोघा मित्रांबरोबर भाड्याने घेतली आहे. दोन वर्षांत त्याने 12,000 दिरहम साठवले होते. इकडे त्याच्या आईच्या घराच्या स्लॅबचे कामही अडले होते.

"मामा, एकदाच घ्यायचे तर सर्वांत मोठे कार्डच घेतो," तो म्हणाला.

आम्ही म्हटले, "घे बाबा, पण या यंत्रावर तू काय काय करणार, ते आधी कागदावर लिही."

त्याने तीन गोष्टी लिहिल्या. संध्याकाळी मित्रांबरोबर फुटबॉलचा व मोटारशर्यतीचा खेळ. शनिवार-रविवारी ओळखीच्यांच्या लग्ना-वाढदिवसांचे चित्रण करून त्याचे संकलन. आणि तिसरी म्हणजे आजीच्या तोंडची लग्नातली व झाकरीची गाणी, जी तो दर सुट्टीत घरी येऊन चित्रित करतो.

आता हिशेब पाहू. चित्र रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. पडद्यावर साध्या पूर्ण एच.डी. चित्रात 20,73,600 ठिपके असतात, तर 4के चित्रात बरोबर त्याच्या चौपट. सेकंदाला 60 चित्रे दाखवायची, तर 4के पडद्यावर दर सेकंदाला जवळजवळ 50 कोटी ठिपके रंगवावे लागतात. म्हणूनच खेळणाऱ्याचा निम्मा पैसा या कार्डात जातो. 2025 च्या जानेवारीत जाहीर झालेल्या एनव्हिडियाच्या आर.टी.एक्स. 5090 कार्डात 32 जी.बी. मेमरी आहे व त्याची मूळ जाहीर किंमत 1,999 डॉलर होती. दिरहम डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला आहे. म्हणजे 7,341 दिरहम, आणि 5 टक्के व्हॅट धरून सुमारे 7,708. दुकानात भाव याहून चढाच असतो. बाकी सर्व भागांसाठी उरतात जेमतेम 4,300. त्याच मालिकेतील 5070 टी.आय. कार्डात 16 जी.बी. मेमरी असून त्याची मूळ किंमत 749 डॉलर, म्हणजे व्हॅटसह सुमारे 2,888 दिरहम होती. भाच्याच्या खेळांना आणि लग्नाच्या चित्रफितींना ते पुरून उरते.

दुसरा भाग प्रोसेसर. येथे खेळ आणि संकलन यांच्या वाटा वेगळ्या होतात. खेळाला थोडे पण चपळ कोअर लागतात. ए.एम.डी.चा रायझन 7 9800 एक्स 3डी हा 8 कोअरचा प्रोसेसर जवळची मोठी मेमरी असल्याने खेळात नावाजलेला आहे. चित्रफीत तयार करून बाहेर काढताना मात्र कोअर जितके जास्त तितके बरे. त्यासाठी 16 कोअरचा रायझन 9 9950 एक्स किंवा इंटेलचा 24 कोअरचा अल्ट्रा 9 285 के घेतात. आणखी एक बारीक गोष्ट अशी, की काही नवे कॅमेरे 10 बिट 4:2:2 या पद्धतीने चित्रण करतात. ते चित्रण उलगडण्याची सोय इंटेलच्या चिपमधील चित्रविभागात व एनव्हिडियाच्या 50 मालिकेत आहे, जुन्या बऱ्याच कार्डांत नाही. म्हणून कॅमेरा कोणता हे पाहिल्यावरच भाग निवडावेत.

रॅम संकलनाला 64 जी.बी. असावी. नुसत्या खेळाला 32 पुरते. 2025 च्या उत्तरार्धात मेमरीचे भाव फार चढले, तेव्हा खरेदीच्या दिवशी दोन-तीन दुकाने फिरून भाव पाहावा.

साठवणीचा हिशेब तर आमच्या सहावीच्या मुलांनाही जमेल. कॅमेरा सेकंदाला 100 मेगाबिट लिहीत असेल, तर त्याचे 12.5 मेगाबाइट झाले. मिनिटाला 750, आणि तासाला 45 जी.बी. तीन कॅमेरे सहा तास चालले, तर एका लग्नाचे 810 जी.बी. झाले! चालू कामासाठी 2 टी.बी.ची एन.व्ही.एम.ई. एस.एस.डी. हवी. ती सेकंदाला सुमारे 7,000 मेगाबाइट वाचते. जुनी फिरती हार्ड डिस्क सुमारे 200 वाचते, पण स्वस्त असल्याने काम संपलेले चित्रण ठेवायला चांगली. जाणकारांचा नियम असा, की महत्त्वाच्या चित्रणाच्या तीन प्रती असाव्यात, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी.

पॉवर सप्लायमध्ये काटकसर करू नये. 5090 कार्ड एकटेच 575 वॅटपर्यंत वीज खाते, 5070 टी.आय. 300 वॅट. खाल्लेली वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत येते, आणि उन्हाळ्यात पारा 40 च्या वर जाणाऱ्या दुबईत तीच उष्णता एअरकंडिशनरला बाहेर फेकावी लागते. पैसा असा दोनदा जातो. शिवाय तेथे वाळूची धूळ व समुद्राची खारी हवा, म्हणून कॅबिनेटला जाळी असावी आणि ती महिन्याला झाडावी. कार्डाची 16 पिनांची वायर पूर्ण आत बसली की नाही, हेही डोळ्यांनी पाहावे. 2022 साली असे टोक वितळल्याच्या तक्रारी जगभर झाल्या होत्या.

खरेदीसाठी मरीनाहून मेट्रोच्या लाल मार्गाने बुर्जुमानला उतरावे. जवळच बर दुबईत खालिद बिन अल वलीद रस्ता आहे, त्यालाच लोक कॉम्प्युटर स्ट्रीट म्हणतात. हिंदीत घासाघीस चालते. प्रत्येक भागाची पावती घ्यावी आणि वॉरंटी आपल्या देशात चालते का ते विचारावे. व्हॅटचा परतावा पर्यटकाला मिळतो, तेथील रहिवाशाला नाही. वीज दोन्हीकडे 230 व्होल्ट व तीन पिनांचा चौकोनी प्लगही तोच, त्यामुळे यंत्र पुढे घरी आणले तरी अडत नाही. मात्र जकातीची चौकशी आधी करावी, आणि चक्रीवादळात वीज जाते म्हणून यू.पी.एस. जोडावा.

भाच्याने शेवटी मधले कार्ड घेतले. वाचलेल्या पैशांतून आठ-आठ टी.बी.च्या दोन हार्ड डिस्क घेतल्या आणि उरलेले आईला स्लॅबसाठी पाठवले. एक डिस्क त्याच्या खोलीत आहे. दुसरी आमच्याबरोबर आली आणि आता आजीच्या कपाटात, तिच्या नऊवारीच्या घडीखाली आहे.

आपल्या बेटावर झाकरीची गाणी पाठ असणाऱ्या आज्या आता थोड्याच उरल्या आहेत. खेळाचे कार्ड चार वर्षांनी जुने होईल व नवे मिळेल. तेव्हा आपला मुलगा असा संगणक घेऊ म्हणाला, तर त्याला अडवू नका. एवढेच विचारा, "बाळा, यात आपल्या आजीचा आवाज कोठे ठेवणार आहेस, आणि त्याची दुसरी प्रत कोठे?"