निवृत्तिवेतनाचे देणे कोणाचे?

१४ मार्च २०२३ रोजी महाराष्ट्रातील सरकारी व निमसरकारी कर्मचारी जुन्या निवृत्तिवेतनासाठी संपावर गेले आणि सातव्या दिवशी संप मागे घेतला गेला. १९७७-७८ चा ५४ दिवसांचा संप ज्यांना स्मरतो, त्यांना हा अल्पजीवीच वाटला असेल. प्रश्न मात्र दीर्घ पल्ल्याचा आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांना अखेरच्या वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी राहिली नाही. त्यांचे उत्तरायुष्य अंशदानावर व बाजाराच्या चढउतारांवर सोपविले गेले. शेजारी शेजारी बसणाऱ्या दोन कारकुनांना दोन न्याय, ही संघटनांची तक्रार रास्तच आहे. परंतु जुन्या योजनेमागे साठविलेला निधी नसतो. आज नोकरीस लागणाऱ्याचे देणे उद्याचा करदाता भागवितो. त्या करदात्यांत शेतमजूरही येतो (काड्यापेटी घेतानाही तो कर भरतोच) आणि त्याला म्हातारपणी निम्मी मजुरी कोणी देणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या एकीकृत योजनेत कर्मचाऱ्याचे अंशदान कायम ठेवून, २५ वर्षांच्या सेवेनंतर निम्म्या मूळ वेतनाची हमी देण्यात आली. तडजोड म्हणून ती बरी. मात्र या हमीपोटी पडणारी तूट किती, हे दरवर्षी अर्थसंकल्पात स्वतंत्र आकड्याने मांडले जावे, असा आग्रह संघटनांनीच धरावयास हवा.