झोंप, जाग आणि एक इंग्रजी क्रियापद

रात्रीच्या कर्जत लोकलनें कल्याण सोडलें, कीं एखादा थकलेला उतारू शेजाऱ्यास सांगतो, "काका, डोळा लागला तर अंबरनाथला उठवा हं." मध्यें विठ्ठलवाडी आणि उल्हासनगर एवढीं दोनच स्थानकें, पण तेवढ्यांत डुलकी लागली तर डोळे उघडतात ते बदलापुरास. ही साधी विनंती इंग्रजींत करूं गेलें, म्हणजे 'वेक' हें क्रियापद पुढें येतें, आणि मराठी मनुष्य ठेंचाळतो तो येथेंच.

मराठींत स्वतः जागें होणें निराळें, दुसऱ्यास जागें करणें निराळें. इंग्रजींत दोहोंस 'वेक' हा एकच शब्द चालतो. बोलतांना त्यास बहुधा 'अप'चें शेपूट जोडतात. भूतकाळीं 'वोक', पुढें 'वोकन'. 'वेकन' व 'अवेकन' हे त्याचेच भाऊबंद. पैकीं 'अवेकन' हा आशा, संशय, लोकमत असलें कांहीं जागवावयाचें असतां विशेष शोभतो. 'अवेक' हें क्रियापद खरें, परंतु नित्याच्या बोलण्यांत तें 'जागा' या अर्थाचें विशेषण म्हणूनच भेटतें.

खरी फसगत होते ती 'जागणें' या शब्दानें. जागणें म्हणजे झोंप न घेतां राहणें; 'वेक' म्हणजे झोंपेंतून बाहेर येणें. समजा, अंबरनाथच्या एखाद्या कारखान्यांतील पहारेकऱ्यास 'दोन वाजतां मी जागा होतों' असें नोंदवहींत लिहावयाचें आहे, आणि त्यानें लिहिलें 'आय वोक ॲट टू'. साहेब त्याचा अर्थ करणार तो हा, कीं दोन वाजेपर्यंत हा गृहस्थ खुशाल झोंपला होता! बिचारा डोळ्यांत तेल घालून बसलेला, आणि एका शब्दापायीं त्याची भाकर जावयाची. 'आय वॉज अवेक' असें हवें होतें. रात्रभर जागल्याचें सांगावयाचें तर 'आय स्टेड अवेक ऑल नाइट'.

गंमत अशी, कीं जुन्या इंग्रजींत 'वेक'चा अर्थ जागत राहणें असाही होता. प्रेताशेजारीं रात्र जागून काढण्याच्या आयर्लंडांतील चालीस 'वेक' म्हणतात, तो त्याचाच अवशेष. खंडोबाचें जागरण प्रसंगानें अगदीं वेगळें. शब्दामागील कल्पना मात्र तीच.

'उठणें' याचीही अशीच वाटणी होते. डोळे उघडले तें 'वेक अप', अंथरूण सोडलें तें 'गेट अप'. पांचला जाग येऊन साडेपांचपर्यंत लोळत पडणारा मराठींत 'पांचला उठलों' म्हणून सांगूं शकतो. इंग्रजींत त्यास 'गेट अप'ची वेळ साडेपांचचीच द्यावी लागते.