घर जुने, मोल जमिनीचे

पुण्यात पेठांबाहेरच्या एखाद्या जुन्या सोसायटीत दोन खोल्यांचे कौलारू घर विक्रीस निघते. भिंतींना ओल, छप्पर गळके. तरीही ग्राहकांची कमतरता नसते. सौदा घराचा नसून त्याखालच्या जमिनीचा असतो. मात्र जमिनीचे मोल केवळ क्षेत्रफळावर नव्हे, तर तेथे किती बांधता येईल यावर ठरते. अनेकांचा हिशेब चुकतो तो येथेच.

डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत रस्त्याची रुंदी निर्णायक आहे. दाट वस्तीबाहेर ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ चटईक्षेत्र निर्देशांक १.१ इतका आहे. म्हणजे ३,००० चौरस फुटांच्या भूखंडावर ३,३०० चौरस फूट.

म्हणून विसार देण्यापूर्वी रस्ता मोजावा. मिळकत पत्रिकेवरील क्षेत्र आणि प्रत्यक्ष मोजणी जुळते का, विकास आराखड्यात आरक्षण अथवा रस्तारुंदी दाखवली आहे का, भूखंड मालकीचा की भाडेपट्ट्याचा, सर्व वारसांची संमती आहे का, हे तपासावे. घरात जुना भाडेकरू असल्यास भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे संरक्षण त्याला मालक बदलल्यावरही राहते.

यांपैकी एक उत्तर जरी प्रतिकूल आले, तरी ‘स्वस्त’ घर आयुष्यभराची पुंजी अडकवून ठेवू शकते. अशा वेळी किंमत राहत्या घराचीच द्यावी, भविष्यातल्या इमारतीची नव्हे.