शॉकअप कडक केला की झालं?

भारी माणूस बसला आणि गाडी मागून दबली, की गॅरेजवाल्याचं उत्तर ठरलेलं असतं: "शॉकअप कडक करून देतो." मागच्या शॉकअपची खाचांची रिंग पान्याने दोन घरं पुढे सरकवली की गिऱ्हाईक खूश. हाच समज तीन चाकांच्या महागड्या मोटरसायकलींपर्यंत पोचलेला आहे, आणि तिथे तो खिशाला चांगलाच जड जातो.

कॅनडाच्या क्विबेक प्रांतातल्या बीआरपी कंपनीने २००७ मध्ये दाखवलेली कॅन-ॲम स्पायडर ही यातली सगळ्यात ओळखीची गाडी. पुढे दोन चाकं, मागे एक. तोल सांभाळावा लागत नाही, सिग्नलला पाय टेकावा लागत नाही, म्हणून जोडीने लांबचा प्रवास करणाऱ्यांना ती आवडते. मागे सोबती, दोन्ही बाजूंना डिकी, वर टॉप बॉक्स. वजनाचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. पुढची उदाहरणं याच गाडीची आहेत.

"रिंग आवळली की स्प्रिंग कडक होते"

होत नाही. हा गैरसमज सगळ्यात जुना आणि सगळ्यात चिवट.

समजा, मागच्या चाकाला जाणवणारी स्प्रिंगची ताकद अशी आहे की दर २० किलोला ती एक सेंटिमीटर दबते. ६० किलोचा सोबती बसला आणि त्याचं सगळं वजन मागच्या चाकावर आलं, तर गाडी तीन सेंटिमीटर खाली जाईल. रिंग आवळून तुम्ही ते तीन सेंटिमीटर परत मिळवलेत, तरी खड्डा आल्यावर पुढच्या प्रत्येक सेंटिमीटरला लागणार आहेत ते २० किलोच. बदलली ती गाडीची उंची. स्प्रिंगचा स्वभाव आहे तसाच राहिला. वजन मात्र वाढलेलं आहे, त्यामुळे गाडी आधीपेक्षा संथ आणि लांब हेलकावे घेते आणि मोठ्या खड्ड्यात 'धाड' करून तळ गाठते.

उलट बाजूही आहे. जोडीने जाण्यासाठी रिंग पूर्ण आवळून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी एकटेच निघालात, तर चाकाला खाली जायला जागाच उरत नाही. रस्ता खाली गेला तरी चाक त्याच्यामागे जात नाही, आणि मग "नवा शॉकअप फार आदळतो" अशी तक्रार सुरू होते.

खरोखर जड स्प्रिंग हवी असेल तर स्प्रिंगच बदलावी लागते. तिथेही डोळ्यांवर विसंबू नये. पुढच्या बाजूला शॉकअप तिरके आणि चाकापासून आत बसवलेले असतात. चाक दोन सेंटिमीटर हललं आणि शॉकअप एकच, तर स्प्रिंगच्या ताकदीतली एक चतुर्थांशच चाकाला जाणवते. म्हणून मनगटाएवढी जाड स्प्रिंग बघून हुरळूनही जाऊ नका आणि घाबरूनही.

"स्प्रिंग बदलली, काम संपलं"

स्प्रिंग धक्क्याची ऊर्जा साठवते आणि लगेच परत करते. ती जिरवायचं काम आतल्या तेलाच्या डँपरचं. वजन वीस टक्के वाढलं आणि त्याच मापाने स्प्रिंगही वाढवली, तर गाडीचं वागणं पहिल्यासारखं राहायला डँपिंगही साधारण तेवढंच वाढावं लागतं. जुन्या, तेल थकलेल्या डँपरवर नवी जड स्प्रिंग चढवली तर गाडी प्रत्येक उंचवट्यानंतर उसळत राहते. शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसत असेल, तर नुसत्या स्प्रिंगवर एक रुपयाही घालवू नका.

"कडक सस्पेन्शनची गाडी उलटत नाही"

हा समज धोक्याचा आहे, म्हणून थोडं थांबू.

तीन चाकं जिथे जमिनीला टेकतात ते बिंदू जोडले की त्रिकोण होतो. स्पायडरचा पाया पुढे आणि टोक मागे. आपल्या रिक्षाचा नेमका उलटा. गाडी आणि माणसं मिळून जो गुरुत्वमध्य असतो, तो या त्रिकोणात कुठे आणि किती उंचावर आहे, यावर वळणात उलटण्याचा धोका ठरतो. पुढच्या दोन चाकांत १.३ मीटर अंतर आहे असं धरा. गुरुत्वमध्य पुढच्या आणि मागच्या चाकांच्या बरोबर मधोमध असेल, तर त्याच्या दोन्ही अंगांना त्रिकोणाची कड सुमारे ३२ सेंटिमीटरवर येते. तोच मध्य थोडा मागे, म्हणजे पुढून साठ टक्के अंतरावर सरकला, तर हाताशी उरतात २६. सोबती बसतो जवळजवळ मागच्या चाकावर, आणि तोही उंचावर. म्हणजे गुरुत्वमध्य एकाच वेळी मागे सरकतो आणि वर चढतो. दोन्ही गोष्टी विरोधातल्या.

शॉकअप कितीही भारी असो, हा त्रिकोण रुंद होत नाही. कडक सस्पेन्शनमुळे गाडी कलते कमी आणि हळू, स्वाराला विश्वास वाटतो. पण उलटण्याची हद्द जवळपास तिथेच असते. त्या विश्वासावर वळणात वेग वाढवला, तर खर्च करून धोका विकत घेतल्यासारखं होतं. गाडीत इलेक्ट्रॉनिक स्थैर्य यंत्रणा आहे, ती ब्रेक लावते, इंजिनाची ताकद कमी करते. पकड मात्र ती निर्माण करू शकत नाही.

आणखी एक बारकावा. मागे एकच चाक असल्याने मागचा शॉकअप कलण्याला जवळजवळ काहीच विरोध करत नाही. तो भार सगळा पुढच्या जोडीवर. वळणात गाडी झोपते म्हणून मागचा शॉकअप बदलणारे चुकीच्या दुकानात उभे असतात.

"जाड स्वे बार टाका, वजन पेलेल"

स्वे बार, म्हणजे पुढच्या दोन चाकांना आडवी जोडणारी दांडी, वजन पेलत नाही. दोन्ही चाकं एकदम वर गेली की तो नुसता फिरतो. एक वर आणि एक खाली असेल तेव्हाच तो पिळला जातो. कलणं कमी करायला उत्तम, दबलेली गाडी उचलायला निरुपयोगी.

"भारी शॉकअप बसवला, आता वजनाची चिंता नाही"

वजनाची मर्यादा फक्त स्प्रिंगवर ठरत नाही. टायर, ब्रेक, बेअरिंग, चाकाचा रिम, चासी, सगळ्यांचा हिशेब त्यात असतो. स्पायडरच्या आरटी मॉडेलला कंपनीने २२४ किलोची भारक्षमता दिली आहे. चालवणारा ११० किलो, सोबती ८५, झाले १९५. उरले २९ किलो, आणि त्यात कपडे, हत्यारं, पाण्याच्या बाटल्या, हौसेने लावलेला टॉप बॉक्ससुद्धा आला. बाजारातला कुठलाही शॉकअप हा आकडा वाढवून देत नाही. तुमच्या मॉडेलचा आकडा गाडीवरच्या लेबलावर आणि मॅन्युअलमध्ये असतो, तो आधी वाचा.

टॉप बॉक्सचं तर विशेष. तो मागच्या चाकाच्याही मागे लटकतो, त्यामुळे तिथलं वजन मागचं चाक दाबतंच, वर पुढची चाकं उचलायलाही बघतं. हँडल हलकं लागतं आणि हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. जड सामान दोन्ही बाजूंच्या डिकीत, तळाशी ठेवा.

"वजन जास्त, तर टायरात हवाही ठासून"

मोटारीची सवय म्हणून ३२ पीएसआय भरणारे भेटतात. स्पायडरच्या पुढच्या टायरांना कंपनीचा दाब १५ ते १८ पीएसआयच्या आसपास असतो, मागच्याला २८ च्या. पुढे दुप्पट हवा भरली की टायर टणक होतो, गाडी रस्त्यावर नाचते आणि बिल फाटतं शॉकअपच्या नावावर.

आता गाडी वजनाने किती दबते ते मोजायचं कसं, ते पाहू. एक टेप आणि एक मदतनीस पुरेत. मागचं चाक जमिनीपासून उचलून त्याच्या आसापासून सीटखालच्या ठरावीक बिंदूपर्यंत अंतर मोजा. मग गाडी खाली ठेवून दोघंही नेहमीचे कपडे, हेल्मेट, सामान यांसह बसा आणि तेच अंतर पुन्हा मोजा. फरक चाकाच्या एकूण चालीच्या, म्हणजे ते वर-खाली जितकं हलू शकतं त्याच्या, पाव ते एक तृतीयांश असावा. चाल १५० मिलिमीटर असेल तर साधारण चार ते पाच सेंटिमीटर. फरक याहून जास्त असेल तर आधी रिंग, किंवा हवेचं सस्पेन्शन असल्यास त्यातला दाब वाढवा. रिंग शेवटच्या घरात नेऊनही गाडी दबतेच आहे, तेव्हाच जड स्प्रिंगचा विचार करा, आणि विक्रेत्याला मॉडेलच्या नावासोबत दोघांचं आणि सामानाचं खरं वजन सांगा. दहा किलो कमी सांगून मिळालेली स्प्रिंग दहा किलो कमीचीच असते.

पुढची उंची बदललीत तर चाकांचं अलाइनमेंट पुन्हा करून घ्या, नाहीतर नवे टायर एका कडेने झिजतील. स्प्रिंग घरी उतरवू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात मोडू शकते. आणि लेबलावरच्या आकड्यापेक्षा वजन जास्त भरत असेल, तर शॉकअपच्या दुकानात जाऊ नका. सामान कमी करा, किंवा जास्त क्षमतेची गाडी बघा.