विश्लेषण : दशावतारी नाटकात दहा अवतार का दिसत नाहीत? रात्रभराचा खेळ तीन तासांत बसवताना काय गळते?

दिलीप प्रभावळकर यांची मुख्य भूमिका असलेला ‘दशावतार’ हा चित्रपट २०२५ मध्ये आला आणि सिंधुदुर्गाबाहेरच्या अनेकांना या लोकनाट्याबद्दल उत्सुकता वाटू लागली. पण वेंगुर्ले परिसरातल्या एखाद्या जत्रेत प्रत्यक्ष नाटक पाहायला बसलेल्या नवख्या प्रेक्षकाला हमखास प्रश्न पडतो. नाव दशावतार, मग दहा अवतार कुठे आहेत?

नाटक कधी होते?

तुळशीचे लग्न झाले की दक्षिण कोकणात जत्रांचा हंगाम सुरू होतो. प्रत्येक गावाच्या जत्रेची तिथी ठरलेली असते. दिवसभर ओट्या भरणे, नवस फेडणे, खाज्याची दुकाने. रात्री पालखी आणि त्यानंतर देवळाच्या आवारात नाटक. तिकीट नसते. पहाटे दहीकाल्याने सांगता होते. म्हणूनच मालवणीत या नाटकाला ‘धयकालो’ही म्हणतात.

आडदशावतार म्हणजे काय?

नाटकाचे दोन भाग असतात. पहिला पूर्वरंग, म्हणजेच आडदशावतार. त्यात गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव येतात. मग काळ्या वेशातला संकासुर वेद पळवतो आणि विष्णू त्याचा वध करतो. ही मत्स्यावताराची कथा. दहा अवतारांशी नाटकाचा थेट धागा जुळतो तो इथे. दुसरा भाग म्हणजे आख्यान. ते रामायण, महाभारत किंवा पुराणातले कोणतेही असू शकते.

संहिता नसताना संवाद कसे जुळतात?

कथानक आणि भूमिका आधी ठरतात, संवाद मात्र कलाकार मंचावर उभे राहून रचतात. साथीला हार्मोनियम, पखवाज आणि झांज. नेपथ्य म्हणजे बहुधा एक बाकडे. तेच सिंहासन, तेच शय्या. स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषच करतात. रंगभूषाही ज्याची त्याने करायची. समोरच्याने कोणता मुद्दा काढला, हे ऐकूनच उत्तर द्यावे लागत असल्याने पुराणांची माहिती आणि हजरजबाबीपणा दोन्ही लागतात. बाबी नालंग यांच्यासारख्या कलाकारांची नावे आजही आदराने घेतली जातात ती याचमुळे.

कंपन्या कशा चालतात?

वालावलकर, मोचेमाडकर, आजगावकर, खानोलकर, चेंदवणकर ही कंपन्यांची नावे वालावल, मोचेमाड, आजगाव अशा गावांवरून आली आहेत. अनेक जत्रांची कंपनी पिढ्यानपिढ्या ठरलेली असते. हंगामात कलाकारांचा मुक्काम रोज नव्या गावात. पाऊस सुरू झाला की प्रयोग थांबतात आणि अनेक जण शेतीकडे वळतात.

मग अडचण कुठे आहे?

जत्रेबाहेरचे प्रयोग आता महोत्सवांत, मुंबईतल्या नाट्यगृहांत आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंतही पाहायला मिळतात. निवडक कलाकारांना एकत्र आणणारे ‘संयुक्त दशावतार’ आणि ट्रिकसीनची नाटके गर्दी खेचतात. यातून कलाकारांना काम आणि नवा प्रेक्षक मिळतो, हा मोठा फायदा. मात्र अशा प्रयोगांना वेळेची मर्यादा असते. ती पाळताना बहुतेकदा कात्री लागते ती आडदशावतारालाच. नमन झाले की थेट आख्यान.

गळतो तो फक्त एक कथाभाग नाही. आख्यानातले राजे आणि देव प्रमाण मराठीत बोलतात. संकासुर मात्र मालवणीत बोलतो, टोमणे मारतो, प्रेक्षकांना हसवतो. गावाला गावाच्या बोलीत ऐकवणारे पात्र तेच. शिवाय संहिता छापलेली नसल्याने हा भाग करून आणि पाहूनच पुढे जातो. जो भाग मंचावर येत नाही, तो नवा कलाकार शिकणार कुठून?

पाहायचे असेल तर?

जत्रेचीच रात्र निवडा. तिथी आधी गावात विचारून घ्या, पालखीच्या वेळी देवळात पोहोचा आणि संकासुर येईपर्यंत मोबाइल खिशात ठेवा. पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत थांबलात, तर रात्रभराचा खेळ तीन तासांत का बसत नाही, हे वेगळे सांगावे लागणार नाही.